रुमालात बांधलेली पेशवाई

आजचा विषय जरा धुळीचा आहे. दप्तर म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांसमोर शाळेची पिशवी येते. पण हा शब्द मूळचा कागदपत्रांच्या कारभारातला. ते जिथे राहतात तो दप्तरखाना. आजच्या सरकारी मराठीत पुराभिलेखागार.

पुण्यात असंच एक पेशवे दप्तर आहे. तिथले मोडी कागद चौकोनी कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, आणि असे रुमाल आहेत २७ हजारांवर. त्यांत काय आहे? लढायांची पत्रं आहेतच, पण त्याहून कितीतरी जास्त आहेत हिशेब. रोजचा जमाखर्च लिहिलेली रोजकीर्द, प्रांतांच्या उत्पन्नाचे अंदाज, पागेतल्या घोड्यांचा खर्च. ज्या कारकुनांनी हे लिहिलं, त्यांना आपण इतिहास लिहितोय असं वाटलं नसणार. ते त्या दिवसाचं काम उरकत होते.

आता गंमत बघा. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी हे कागद टिकले. का? इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कुणाची जमीन इनाम, कुणाचं वतन खरं, कुणाची सनद बनावट, हे तपासायला इंग्रजांना ते हवे होते. पुढे इनाम कमिशन आलं, त्यात अनेकांची इनामं गेली, आणि पुरावा शोधला गेला तो याच रुमालांत. म्हणजे ज्या कागदांनी लोकांच्या जमिनी घेतल्या, तेच आज आपल्याला त्या लोकांची माहिती देतात. मला हे नेहमीच थोडं अस्वस्थ करतं.

अभ्यासकांना मात्र हे दप्तर बराच काळ सहज पाहता येत नव्हतं. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. निवडक, हं! बाकीचे अजून रुमालातच आहेत.

दप्तरखान्यात आणि ग्रंथालयात मोठा फरक असतो. पुस्तकाची एक प्रत हरवली तर दुसरी मिळते, पण पत्र असतं एकच. शिवाय ते कुठे सापडलं, कशाशेजारी सापडलं, यालाही किंमत असते. जुन्या मराठी पत्रांवर कितीदा नुसता चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, 'छ ५ रजब' असा. सालाचा पत्ताच नाही! मग त्याच रुमालातले आजूबाजूचे कागद पाहून साल ठरवावं लागतं. कुणी हौसेने विषयवार लावालावी केली, की तो धागा तुटला. म्हणून जाणता दप्तरदार कागद जसे आले तसेच, त्याच क्रमाने ठेवतो.

कागदाला वाळवी, ओल आणि अतिउत्साही माणूस यांपासून जपावं लागतं. काजळीची शाई शतकानुशतकं काळीभोर राहते, पण पाणी लागलं की पसरते. आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणं म्हणजे त्याचं नुकसानच. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, पण डिंकाचा पिवळा डाग तसाच राहतो.

मॉरिशसमधल्या आपल्या बांधवांना याची किंमत पुरेपूर ठाऊक आहे. त्यांचे पूर्वज कराराने मजुरीला गेले. तिथे उतरल्यावर नोंदवहीत नाव, बापाचं नाव, गाव आणि क्रमांक लिहिला गेला. मालकांना हिशेब हवा होता, बस्स. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. चौथ्या-पाचव्या पिढीतली माणसं तिथे जाऊन आपल्या गावाचं नाव शोधतात.

तुमच्याही घरी, गावाकडच्या ट्रंकेत, एखादा मोडी कागद असेल. पुढच्या सुट्टीत गेलात तर पाहा. तो लॅमिनेट करू नका. ज्या गठ्ठ्यात सापडला त्यातून वेगळा काढू नका. आधी आहे त्या जागी फोटो घ्या, मागच्या बाजूचाही. मजकूर कुणाकडून वाचून घ्यायचा असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाड्यांनी १९१० साली त्याची स्थापना केली, आणि ते स्वतः गावोगाव फिरून असेच घराघरांतले कागद गोळा करत होते. आणि ट्रंक उघडताना घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. कुठला कागद कुणाचा, हे फक्त त्यांनाच सांगता येईल. ते जे सांगतील ते त्याच दिवशी, तारीख घालून, लिहून ठेवा.