दिडकीचा मध

दहाव्या शतकात स्पेनमधल्या तोर्तोसाचा इब्राहिम इब्न याकूब मध्य युरोपात हिंडला. त्याचा अरबी वृत्तांत पुढे अल-बकरीने आपल्या ग्रंथात जपून ठेवला. म्येश्को राजाचा मुलूख, म्हणजे आजचा पोलंड, धान्य, मांस, मासे आणि मधाने भरलेला आहे, असे त्यात म्हटले आहे. स्लाव लोकांची मद्येही मधाचीच, अशीही नोंद आहे.

तिथल्या थंडीत द्राक्ष नीट पिकत नसे, आणि बाहेरून येणारी वाइन महाग. मध मात्र रानात मुबलक. उभ्या झाडाच्या खोडात ढोली कोरून मधमाश्या पाळण्याच्या तिथल्या कलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. मी मद्याला कधी शिवलो नाही, पण शब्दांचा नाद सुटत नाही. पोलिश भाषेत मधाला आणि मधाच्या मद्याला एकच शब्द आहे, 'म्यूत'. तो आपल्या 'मधु'चाच सख्खा चुलतभाऊ.

या मद्यांची नावे ऐकून मला जुन्या शाळांतली दिडकी आठवली. एक भाग मधात अर्धा भाग पाणी, एकूण दीड, म्हणून 'पुव्तोराक'. पाणी मधाइतकेच असेल तर दोनावरून 'द्वुयन्याक', मग तीन भागांचे, मग चार भागांचे. २००८ मध्ये युरोपीय संघाने ही नावे नोंदवली. चार भागांचे मद्य किमान नऊ महिने मुरवायचे, तीन भागांचे एक वर्ष, दोनाचे दोन वर्षे आणि दिडकीचे तीन वर्षे. मध जितका दाट, तितके यीस्टचे काम संथ आणि चव निवायला वेळ जास्त.

हल्ली या मद्याची थोरवी अँटिऑक्सिडंटांच्या नावाने सांगितली जाते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. फुलांतली फिनॉल वर्गातली द्रव्ये मधात उतरतात, गडद मधात अधिक. मद्य करण्यापूर्वी मध-पाणी उकळले तर काही द्रव्ये नष्ट होतात आणि काही तपकिरी द्रव्ये नव्याने बनतात. प्रयोगशाळेत त्यांचीही गणना अँटिऑक्सिडंटांतच होते. पुढे साठवणीत हवेतला ऑक्सिजन त्यांना हळूहळू खातो. ऊन आणि उष्णता ही झीज वाढवतात. ओकच्या पिंपात ठेवले तर उलट लाकडातली फिनॉले मद्यात उतरतात. म्हणून जुने तेवढे गुणकारी, हे सरसकट म्हणता येत नाही. रंग गडद झाला म्हणजे गुण वाढला, असेही नाही. शिवाय परीक्षानळीतला आकडा म्हणजे शरीराला झालेला फायदा नव्हे. अल्कोहोलची निर्धोक मात्रा कोणतीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. बाटलीवरच्या स्तुतीत एवढे मावत नाही.

मूल जन्मले की मधाचे मद्य पुरून ठेवायचे आणि त्याच्या लग्नात उघडायचे, अशी चाल पोलंडमध्ये होती म्हणतात. वीस वर्षांनी त्यात किती फिनॉल उरले, हे वऱ्हाडातल्या कोणी विचारले नसावे.