भिंतीचे कान आणि आपले

'भिंतीलाही कान असतात' ही म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण भिंतीच्या कानाचा स्वतःचा काही आवाज असतो का? गंमत म्हणजे या प्रश्नाचा नीट पाठपुरावा कुणा गुप्तहेराने नाही, तर एका बासरी शिकलेल्या बाईंनी केला. त्यांच्याकडे येतोच, पण आधी थोडा इतिहास. कारण संगीत आणि पाळत यांची सोयरीक जुनी आहे.

१९२० साली पेट्रोग्राडमध्ये लिऑन थेरेमिन नावाचा तरुण शास्त्रज्ञ वायूंचे गुणधर्म मोजायचं यंत्र बनवत होता. हात जवळ नेला की सर्किटची फ्रिक्वेन्सी बदलते, हे त्याच्या लक्षात आलं. मग दोन ऑसिलेटर घेतले, त्यांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक तेवढा कानाला ऐकू येईल अशी जुळणी केली. झालं, स्पर्श न करता वाजणारं वाद्य तयार! १९२२ मध्ये क्रेमलिनमध्ये लेनिनसमोर त्याने दोन गोष्टी दाखवल्या. एक हे वाद्य, आणि दुसरी त्याच तत्त्वावरची चोर आल्याची सूचना देणारी घंटा. माणूस जवळ आला की एकात सूर बदलतो, दुसरीत घंटा वाजते. बाकी फरक काही नाही.

थेरेमिन पुढे अमेरिकेत गाजला, १९३८ मध्ये रशियात परतला आणि कैदेत पडला. कैदी शास्त्रज्ञांच्या गुप्त प्रयोगशाळेत त्याने जे बनवलं ते अफाट होतं. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला एक कोरीव लाकडी राजमुद्रा भेट दिली. ती त्याच्या निवासस्थानी १९५२ पर्यंत भिंतीवर लटकत होती. आत एक छोटी धातूची पोकळी आणि पातळ पडदा. बॅटरी नाही, वायर नाही! बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरायचा आणि परत जाणाऱ्या लहरीवर ते बोलणं उमटायचं. लहरी बंद केल्या की ते नुसतं लाकूड. भिंतीचा कान, तोही अगदी मुका.

आता त्या बाई. क्रिस्टिना कुबिश, जन्म १९४८, जर्मनीतलं ब्रेमेन. चित्रकला, बासरी, संगीतरचना शिकल्या आणि मग मिलानला जाऊन चक्क इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या. १९८० च्या दशकात त्या तारांची जाळी लावून कलाकृती मांडायच्या. तारेत ध्वनीचा विद्युतप्रवाह आणि श्रोत्याच्या हेडफोनमध्ये तारेची गुंडाळी. फॅरेडेचा १८३१ चा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम, दहावीच्या पुस्तकातला. प्रवाह बदलला की गुंडाळीत वीज निर्माण होते, ती मोठी करून ऐकायची.

पण वर्षं गेली तशी त्यात आजूबाजूच्या यंत्रांची गुणगुण घुसायला लागली. आपण इंजिनिअर असतो तर काय केलं असतं? फिल्टर लावला असता! कुबिशबाईंनी उलट केलं. ही गुणगुणच ऐकायची असं ठरवून नवे हेडफोन बनवले, आणि २००४ पासून 'इलेक्ट्रिकल वॉक्स' सुरू केले. लोकांना हेडफोन आणि ठिकाणं दाखवलेला नकाशा द्यायचा, आणि शहरात फिरायला सोडायचं. एटीएम, ट्राम, निऑनच्या पाट्या, आणि दुकानांच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या कमानी. प्रत्येकाचा आवाज वेगळा.

या कमानी जोरात धडधडतात. त्यांतला एक प्रकार ५८ किलोहर्ट्झवर चालतो. कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ, मग ऐकू कसं येतं? तर कमान सलग बोलत नाही, सेकंदाला अनेक ठोके देते, आणि त्या ठोक्यांचा ताल ऐकू येतो. जुने जीएसएम मोबाईल वाजायच्या आधी कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून 'टिर्र टिर्र' यायचं, आठवतंय? तोही असाच २१७ हर्ट्झचा ताल.

याने पाळत उघडी पडते का? माझं प्रामाणिक मत, फारशी नाही. कॅमेऱ्याजवळ तुम्हाला त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची गुणगुण ऐकू येईल. तो कुणाचा चेहरा साठवतोय आणि तो कुठे पाठवतोय, ते नाही. आणि थेरेमिनच्या राजमुद्रेसारखं मुकं यंत्र तर या हेडफोनला सापडणारही नाही.

तरीही हे काम मला फार मोठं वाटतं. कमानीतून जाताना आपल्याला काही जाणवू नये, हीच त्या यंत्राच्या डिझाइनची अट असते. रस्ता सगळ्यांचा असतो, पण तिथे कोण कोणाला तपासतंय हे फक्त एका बाजूला माहीत असतं. कुबिशबाई यंत्र बंद पाडत नाहीत, तोडत नाहीत. फक्त ते तिथे आहे, चालू आहे, एवढं आपल्या कानावर घालतात. आणि ठाऊक असलं तरच माणूस प्रश्न विचारतो ना!

असो. घरात जुना मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि टीव्हीजवळ, मोबाईलच्या चार्जरजवळ न्या. कुबिशबाईंच्या हेडफोनइतकं नाही, पण बरंच काही ऐकू येईल. मग तोच घेऊन चौकात एक फेरी मारा.