रक्तक्लथनरोधके व मोठी शस्त्रक्रिया

रक्तात गुठळी होऊ न देणारी औषधे (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव व गुठळी हे दोन्ही धोके सांभाळावे लागतात. हृदयातील कृत्रिम धातूची झडप, हृदयाचे अनियमित ठोके किंवा पायाच्या शिरेतील गुठळी यांसाठी ही औषधे दिली जातात.

शस्त्रक्रियेपूर्वी : वॉरफॅरीन साधारणपणे 5 दिवस आधी थांबवतात व आयएनआर (रक्त गोठण्यास लागणारा वेळ दाखवणारे प्रमाण) 1.5 पेक्षा कमी आल्याची खात्री करतात. ॲपिक्सॅबान, रिव्हरॉक्सॅबान मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी 2 दिवस बंद ठेवतात. डॅबिगॅट्रान मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुर्बल असल्यास ते अधिक आधी थांबवतात. वॉरफॅरीन बंद असतानाच्या मधल्या काळात हेपारिन या गुठळीरोधक औषधाची इंजेक्शने सर्वांना लागत नाहीत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या रुग्णांवरील ‘ब्रिज’ चाचणीत (2015) त्यांमुळे गुठळ्या घटल्या नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. धातूची झडप असलेल्या काही रुग्णांना ती आवश्यक ठरतात.

शस्त्रक्रियेनंतर : रक्तस्राव थांबल्यास वॉरफॅरीन 12 ते 24 तासांत, ॲपिक्सॅबान, रिव्हरॉक्सॅबान व डॅबिगॅट्रान ही नवी औषधे 48 ते 72 तासांनी पुन्हा सुरू करतात.

आदिलाबाद जिल्हा : तेलंगणातील पैनगंगेकाठच्या या जिल्ह्यात मराठी भाषकही आहेत. आदिलाबाद शहरात 2008 पासून राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था (रिम्स) आहे. शस्त्रक्रियेसाठी हैदराबादला जायचे झाल्यास ते सुमारे 300 किमी. दूर आहे. असे उपचार दोन ठिकाणी चालू असल्यास औषधाचे नाव, मात्रा व शेवटच्या गोळीची वेळ लिहून जवळ ठेवावी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.