कळ घेऊन काइफंगला

एमआरआयची फिल्म बगलेत मारा आणि उठा. आधी कुशीवर वळा, कोपराचा रेटा द्या, मग पाय खाली सोडा. गादी सरकलेल्याला हे शिकवावं लागत नाही. कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामधली गादी मागे फुटून नसेवर टेकली आहे. कळ कुल्ल्यातून निघते ती मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या करंगळीपर्यंत. सर्जन म्हणालेत, घाई नाही, काही आठवडे थांबून बघू. ते आठवडे चीनमध्ये काढा.

छांगशा, इ.स.पू. १६८. इथे नुसतं डोकावायचं. मावांगदुईला एका सरदाराच्या तरुण मुलाला मूठमाती देताहेत आणि त्याच्याबरोबर लाखेच्या पेटीतून रेशमावर लिहिलेले ग्रंथही पुरताहेत. त्यातल्या एकात शरीरातल्या अकरा वाहिन्या दिल्या आहेत. पहिलीच बघा: बाहेरच्या घोट्याकडून पोटरीत, गुडघ्यामागून कुल्ल्यात आणि तिथून पाठीवर चढणारी. ती बिघडली की काय काय दुखतं, त्या यादीत कंबर आहे, कुल्ला आहे, पोटरी आहे आणि चक्क करंगळीही आहे. उपाय एकच, त्या वाटेवर शेक-डाग. ॲक्युपंक्चरच्या सुईचा उल्लेखसुद्धा नाही. हे रेशीम पुन्हा उजेड बघेल ते १९७३ मध्ये.

काइफंग, इ.स. १०२७. इथे मात्र मुक्काम. सोंग घराण्याची ही राजधानी. तुम्ही एका अंगाला कलून, मांडीवर हात दाबत चालता आहात आणि कोणी वळूनही बघत नाही. कमरेची दुखणी या गावाला नवी नाहीत. वैद्यांच्या दालनात पुरुषभर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. वांग वेइयी यांनी राजाज्ञेने असे दोन ओतवून घेतले. अंगभर सुई टोचायचे ६५७ बिंदू, पण नावं ३५४, कारण बहुतेक बिंदू डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना आहेत. परीक्षेची रीत अशी सांगतात की पुतळ्यावर मेण चढवायचं, आत पाणी भरायचं आणि विद्यार्थ्याच्या हाती सुई द्यायची. नेमकी जागा साधली तर पाणी ठिबकतं, चुकली तर सुई धातूवर अडते. परीक्षकाच्या मर्जीला वावच नाही. आपल्याकडच्या तोंडी परीक्षा आठवून हेवा वाटला तर वाटू द्या.

वैद्य तुमची फिल्म बाजूला ठेवतात. मनगटावर तीन बोटं टेकतात, जीभ बघतात आणि विचारतात, "कळ मांडीच्या मागून उतरते की बाजूने?" मागून म्हणालात तर एक वाहिनी, बाजूने म्हणालात तर दुसरी. आजचे न्यूरॉलॉजिस्टही हेच विचारतात, कारण मागून करंगळीकडे जाणारी कळ सहसा त्रिकातल्या पहिल्या नसेची असते आणि बाजूने अंगठ्याकडे वळणारी कमरेतल्या पाचव्या नसेची. नस माहीत नसताना यांना तिची वाट सापडली होती. या सगळ्या विद्येत मला थक्क करतं ते हे. बाकीच्या दाव्यांबाबत मी जरा हात राखून असतो.

तुम्ही पालथे पडता. कुल्ल्यात एक सुई, गुडघ्यामागच्या लवणीत एक, बाहेरच्या घोट्यामागे एक. टोचल्याचं दुखत नाही, पण वैद्य सुई फिरवतात तेव्हा आत जडपणा पसरतो, ठणकल्यासारखं होतं. ते हुंकार देतात. त्यांना हेच हवं होतं. कमरेवर दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या पानांचा भुगा धुमसत ठेवतात. संध्याकाळी काढा येतो. सुन सिमियाओ यांनी सातव्या शतकात लिहून ठेवलेला, पंधरा औषधांचा: दालचिनी, ज्येष्ठमध, जिनसेंग आणि बरीच मुळं-साली. त्यातल्या एका मुळाच्या जातीत मूत्रपिंडाला घातक असं ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं, हे पुढच्या काळातलं ज्ञान. घोट घेतलात तेवढा पुरे. परतल्यावर असली पुडी ऑनलाइन मागवू नका.

बोस्टन, १९३४. मिक्स्टर आणि बार हे दोन डॉक्टर दाखवून देतात की पाठीच्या कण्यातून काढलेल्या ज्या गोळ्यांना सर्जन कूर्चेच्या गाठी समजत होते, त्या फुटलेल्या गाद्या होत्या. तुमच्या दुखण्याचं कारण कळायला इतका काळ गेला. सुईचा धागा आपल्याकडेही पोचतो: त्यानंतर चार वर्षांनी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे सुईची विद्या शिकून कोलकात्याला घेऊन आले.

आता आजच्या चीनमध्ये. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या एका चाचणीत सहा रुग्णालयांतले, गादी सरकून सायटिका, म्हणजे तुमच्यासारखीच पायात उतरणारी कळ, जडलेले २१६ रुग्ण होते. चार आठवड्यांत दहा बैठका. शंभरपैकी मोजलेली पायाची कळ खऱ्या सुयांनी सुमारे ३१ ने उतरली, लुटुपुटीच्या सुयांनी १५ ने. म्हणजे गुण आहे, पण त्यातला निम्मा नुसत्या उपचाराच्या सोपस्काराचा. आणि सुईने गादी जागेवर बसत नाही. बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू विरवून टाकतं. सुई, शेक आणि मालिश तोवरचे दिवस सुसह्य करतात. २००७ च्या एका डच अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेले आणि थांबलेले, दोन्ही गट वर्षाअखेर सारखेच बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली.

तेव्हा सुया घ्या, पण शिकलेल्या हातून आणि कोऱ्या. मात्र लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सुईवाल्याची पुढची बैठक रद्द करा आणि त्याच दिवशी सर्जन गाठा.