झांशीचा ग्रंथसंग्रह आणि पंडिता रमाबाईंचे अमेरिकन शाळादर्शन

एप्रिल १८५८ च्या आरंभी झांशी इंग्रजांच्या हाती पडली. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा त्या नगरात होते. ‘माझा प्रवास’मधील त्यांच्या लुटीच्या वर्णनात राजवाड्यातील पोथ्यांच्या नाशाची हळहळ विशेष आहे. राजघराण्याच्या आश्रयाने वाढलेला, दूरदूरच्या पंडितांना नकलांसाठी उपयोगी पडणारा हा संग्रह आश्रयदात्यासवेच नष्ट झाला. त्याच महिन्याच्या २३ तारखेस गंगामूळ येथे रमाबाई डोंगरे यांचा जन्म झाला. पुराणकथनावर आणि मिळेल त्या दक्षिणेवर चालणारे त्यांचे कुटुंबही विष्णुभटांच्याच विद्याव्यवहारातले. एका ग्रंथाची गणना सत्तावनच्या साहित्यात, दुसऱ्याची स्त्रीलेखनात. त्यामुळे हे नाते अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटते.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या विद्यार्थिनी होत्या आणि संस्कृतच्या अध्यापिकाही. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे काय, या प्रश्नावर धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. भारतात पंडितांच्या सभांतून बोललेल्या विदुषीला ही मर्यादा मान्य होणे शक्य नव्हते. शाळा समजून घेणे म्हणजे तिथे कोणी कोणास शिकवावे हे कोण ठरवते, ते समजून घेणे, हा धडा त्यांना अभ्यासक्रमाबाहेर मिळाला.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियास पोचल्या. मुक्काम वाढत गेला. फ्रोबेलप्रणीत बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी तिथेच घेतले. म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी संस्कृत पंडिता ठोकळे, चेंडू आणि कागदाच्या घड्या यांच्या वर्गात बसली. परतल्यावर १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण आहे. इमारतींच्या नवलाईपेक्षा तिथे व्यवस्थेकडे अधिक लक्ष आहे: विनामूल्य सार्वजनिक शाळा, शिक्षकी पेशातील स्त्रिया, स्त्रियांनी झगडून मिळवलेली महाविद्यालये. त्या देशात शाळा हा राज्यांचा आणि स्थानिक संस्थांचा विषय होता. खर्च मुख्यतः करांतून चालत असे. दात्याच्या मर्जीवर आणि शिष्याच्या जातीवर टिकणारी विद्या लहानपणापासून पाहिलेल्या लेखिकेला या व्यवस्थेचे महत्त्व चटकन उमगावे, हे स्वाभाविकच होते.

अर्थात हे दर्शन निर्दोष नाही. रमाबाईंचा वावर बहुतांशी सुधारक स्त्रियांच्या वर्तुळात होता. वर्णद्वेषाची त्यांना जाणीव होती. तरीही दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, ही वस्तुस्थिती त्यांच्या उत्साहाच्या मानाने मागे पडते. मराठी वाचकाला स्वदेशाची लाज वाटावी, हा हेतू लेखनावर कधी कधी मात करतो.

त्याहून लक्षणीय गोष्ट ग्रंथाबाहेर घडली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या शारदासदनाला कराचा पैसा कुठून मिळणार? बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने १० वर्षांच्या साहाय्याची हमी घेतली होती, आणि तिच्यासोबत धार्मिक तटस्थतेची अपेक्षाही होती. राजाश्रयाच्या जागी वर्गणीदार आले. शाळा मुलींसाठी, परंतु तिच्या कारभाराचा हिशेब बॉस्टनच्या दात्यांना आणि येथील सल्लागारांना द्यावयाचा होता. सदन पुण्यास हलविल्यानंतर, १८९३ मध्ये, धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.