दृष्टीचा ऱ्हास रक्तातून कळेल काय?

उतारवयात नजर अधू झाली की ती मोतीबिंदूमुळेच, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र सरळ रेषा वाकडी दिसणे किंवा समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट होणे, ही मॅक्युलाच्या ऱ्हासाची लक्षणे असू शकतात. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळते. मॅक्युला झिजल्यावर गेलेली दृष्टी सहसा परतत नाही. म्हणूनच या विकाराची चाहूल रक्तातून लागेल काय, याचा शोध सुरू आहे.

रक्तातील खुणा
या विकारात पडद्याखाली 'ड्रुसेन' नावाचे पिवळसर साठे जमतात. त्यांत प्रतिकारयंत्रणेतील 'कॉम्प्लिमेंट' प्रथिने आढळतात. या यंत्रणेला आवर घालणाऱ्या 'फॅक्टर एच' प्रथिनाच्या जनुकातील बदलाचा विकाराशी असलेला संबंध २००५ मध्ये उघड झाला. 'फॅक्टर एच'च्या कामात अडथळा आणणारे 'एफएचआर-४' हे प्रथिन रुग्णांच्या रक्तात अधिक असल्याचे युरोपातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. दाह दर्शवणारे 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन'ही काही रुग्णांत वाढलेले आढळले आहे.

मर्यादा
परंतु हे प्रोटीन साध्या जंतुसंसर्गातही वाढते. शिवाय रुग्ण व निरोगी व्यक्तींच्या रक्तातील प्रमाणांत फरक असला, तरी तो सरासरीचा असतो. एकेका व्यक्तीबाबत त्यावरून निदान करता येत नाही. त्यामुळे नेहमीच्या निदानासाठी रक्ततपासणी अद्याप वापरली जात नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ दरम्यान ४,७११ जणांची नेत्रपाहणी झाली, तेव्हाही मॅक्युलाचा विकार शोधण्याचा आधार पडद्याची छायाचित्रे हाच होता.

काय करावे?
जालना रस्त्यावरील करमाडसारख्या गावातील ज्येष्ठांनीही रक्ताच्या अहवालाची वाट पाहू नये. एक डोळा झाकून चौकटींच्या कागदाकडे पाहावे, मग दुसरा झाकून. रेषा वाकड्या वा तुटक दिसल्यास विनाविलंब छत्रपती संभाजीनगर गाठून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. 'ओल्या' प्रकारात डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने वेळेत सुरू झाल्यास उरलेली दृष्टी बहुधा टिकते. आठवड्यांचा विलंबही महागात पडतो. बिडी-सिगारेट सोडणे हा धोका कमी करण्याचा उपाय मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.