घरातला रेडॉन
* रेडॉन : रेडियमच्या क्षयातून निघणारा, रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू, अर्धायुष्य ३.८ दिवस. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम, म्हणजे रेडियमचे मूळ, फार कमी. तरीही कोंदट, जमिनीला भेगा पडलेल्या खोलीत वायू साठू शकतो. नुसत्या दगडावर विसंबू नये, मोजून घ्यावे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या छोट्या डबीत एलआर-११५ ही फिल्म असते. ती सुमारे तीन महिने घरात टांगतात. रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे फिल्मवर उमटलेले माग पुढे प्रयोगशाळेत मोजतात. या काळात दारे-खिडक्या रोजच्यासारख्याच वापराव्यात. मुद्दाम उघड्या ठेवल्या तर आकडा फसवा येतो. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी घनमीटरला १०० बेकेरेल. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रेडॉनपासून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त.